आगंतुक हवा

कारकुनाच्या हाती करवत शोभत नाही, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही जे एकुलते एक स्टूल बनविले, ते चार पायांपैकी तिहींवरच उभे राहत असे. मास्तरांनी उदार मनाने त्यास 'तिवई' असे नाव दिले व आम्हांस उत्तीर्ण केले. पुढे वाणिज्य शाखेची पदवी घेतली, कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा दिली आणि केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक म्हणून कोलकात्यास रुजू झालो. अशा मनुष्याने यांत्रिक करवतीच्या कार्बोरेटरविषयी चार पाने लिहावी, यात थोडा आगाऊपणा आहे खरा. परंतु या मासिकाचे बहुतेक वाचक आमच्याप्रमाणेच बदलीच्या गावी दिवस काढणारे आहेत, आणि बदलीच्या गावी मनुष्यास कोणती विद्या कोणाच्या पायाशी बसून शिकावी लागेल याचा नेम नसतो, हे ते जाणतातच.

२० मे २०२० रोजी 'अम्फान' हे चक्रीवादळ सुंदरबनाच्या बाजूने बंगालच्या किनाऱ्यावर चढले आणि सायंकाळी कोलकात्यावर आले. आम्ही कोकणातले, पावसाळ्यातले वारे आम्हांस नवे नव्हते. परंतु ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने तासन् तास वाहणारा तो वारा वेगळाच होता. खिडक्यांच्या काचांवर आम्ही वर्तमानपत्रे चिकटविली होती, ती काचांसह गेली. दिवे गेले, नळाचे पाणी गेले, दूरध्वनी गेला. रात्री केव्हातरी बाहेर एक दीर्घ, ओला, चिरफाळल्यासारखा आवाज झाला आणि मागोमाग जमीन हादरली. मुलगी घाबरून उठली. तिला आम्ही सांगितले की ढग गडगडला. तो ढग नव्हता.

सकाळी पाहतो तो वसाहतीच्या फाटकापाशी उभा असलेला गुलमोहर मुळासकट उलथून वसाहतीतल्या एकुलत्या एका रस्त्यावर आडवा पडलेला. बंगालीत याला कृष्णचूडा म्हणतात. मे महिना असल्याने तो ऐन बहरात होता. गुडघाभर पाण्यात लाल फुलांचा असा थर पसरला होता की, क्षणभर त्या दृश्याचे सौंदर्यच मनात भरले व मागाहून त्याचा अर्थ ध्यानात आला. बुंधा आमच्या छातीइतका उंच आडवा आला होता. फांद्यांनी दोन्ही बाजूंच्या भिंती गाठल्या होत्या. वसाहतीतून मोटार बाहेर जाणे अशक्य होते.

शहरभर हजारो झाडे पडली होती. कॉलेज स्ट्रीटवरील दुकानांतली पुस्तके पाण्यावर तरंगत होती, शिबपूरच्या वनस्पतिउद्यानातील तो प्रचंड वटवृक्षही दुखावला होता, असे पुढे कळले. टाळेबंदीमुळे मजूर आधीच गावी गेलेले. महापालिकेच्या माणसांनी तरी कोठे कोठे धावावे? २३ मे रोजी लष्कर रस्त्यावर उतरले, ओडिशातून पथके आली, आणि मोठे रस्ते हळूहळू मोकळे होऊ लागले. परंतु आमची ती आतली गल्ली कोणाच्याच यादीत नव्हती.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब राहते. कर्ता पुरुष आमच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. त्यास आम्ही 'दादा' म्हणतो. दादांच्या वृद्ध वडिलांची मूत्रपिंडे निकामी झालेली, आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, त्यांस डायलिसिससाठी नेणे भाग. वादळानंतरचा शुक्रवार आला तेव्हा आम्ही चौघांनी त्या गृहस्थांस लाकडी खुर्चीवर बसवून, खुर्ची डोक्याइतकी उचलून झाडापलीकडे नेले. वर चढताना एकाचा पाय ओल्या सालीवरून घसरला आणि खुर्ची कलंडली. कोणाचा तरी हात वेळेवर आला म्हणून निभावले. म्हातारेबाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले होते, आणि परत आणतानाही ते त्यांनी उघडले नाहीत. रात्री दादा आमच्या दाराशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मंगळवारी हे पुन्हा जमणार नाही."

आता करवतीकडे वळतो.

रहिवासी संघाने पूर्वी कधी तरी एक यांत्रिक साखळी-करवत विकत घेतली होती. ती पंपाच्या खोलीत, गोणपाटाखाली, वर्षभर पडून होती. शुक्रवारी दुपारी ती बाहेर काढली. वसाहतीचा माळी ओडिशातला, कटककडचा. ती चालविण्याचा सराव असलेला तो एकटाच. त्याने जुने पेट्रोल ओतून टाकले. एक लिटर ताज्या पेट्रोलात वीस मिलिलिटर तेल मिसळून टाकी भरली, दोरी आठ-दहा वेळा ओढली, आणि यंत्र गर्जना करून उठले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. परंतु ती गर्जना काही केल्या खाली येईना. खटका सोडला तरी यंत्र किंचाळतच राहिले, व पात्याभोवती साखळी आपल्याच मनाने फिरत राहिली.

येथे आमच्या हातून एक अपराध घडला. माहितीपुस्तिका आमच्या हाती होती, आणि छापील कागद हाती आला की कारकुनाच्या अंगात अधिकार संचारतो. तीत लिहिले होते की, मंद गती कमीजास्त करण्यासाठी एक स्क्रू असतो. आम्ही पेचकस मागविला, स्क्रू उलट फिरविला. यंत्राचा आवाज उतरला. साखळी थांबली. पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी त्या आमच्यासाठी होत्या, हे कबूल केले पाहिजे. आम्ही घरी येऊन चहा घेतला व पत्नीस झाला प्रकार थोडा वाढवूनच सांगितला.

तासाभरात बाहेर ओरडा झाला. यंत्र तापल्यावर त्याची गती आपोआप पुन्हा चढली होती. माळ्याने एक फांदी कापून, खटका सोडून, करवत खाली घेतली. साखळी थांबली असेल या विश्वासाने. ती थांबली नव्हती. त्याच्या विजारीचा गुडघ्याखालचा भाग तिने उभा चिरला. पायास खरचटलेही नाही, हे केवळ दैव. त्याने यंत्र बंद केले, फाटलेले कापड हाताने जुळवून पाहिले, आणि आमच्याकडे एकदा बघितले. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर आम्हांस झोप तरी लागली असती.

वसाहतीच्या मागे एक वृद्ध मिस्त्री राहतो. मूळचा बिहारातला, छपऱ्याकडचा. आयुष्यभर त्याने दोन-ठोक्यांच्या स्कूटरी व रिक्षा दुरुस्त केल्या. त्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा होत गेल्या तसे त्याचे गिऱ्हाईकही आटले. शनिवारी सकाळी आम्ही करवत घेऊन त्याच्या दाराशी गेलो. तो तोंडावर गमछा बांधून लांबच बसला आणि म्हणाला, "चालू करा." त्याच्या सांगण्यावरून आधी साखळी व पाते दोन्ही उतरविली. यंत्र सुरू केले. त्याने मान कलती करून पाचसहा क्षण ऐकले, बंद करण्याची खूण केली, आणि म्हणाला, "हवा ले रहा है."

मराठी कारागीरही हेच म्हणतात: हवा घेतेय. आमचे अण्णा, म्हणजे वडील, त्यांच्या जुन्या स्कूटरविषयी हे शब्द वापरीत, ते आम्हांस एकदम आठवले. परंतु त्या शब्दांचा अर्थ आम्ही चौतिसाव्या वर्षापर्यंत विचारला नव्हता. मिस्त्रीने तो समजावून दिला, आणि जेथे त्याची भाषा तोकडी पडली तेथे आम्ही पुढे पुस्तकांतून भर घातली.

पेट्रोल नीट जळावयाचे तर एका भागास, वजनाने, सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे मोजमाप सांभाळणारा कारकून म्हणजे कार्बोरेटर. त्याचा गळा मध्ये अरुंद असतो. त्या अरुंद जागेतून हवा जाऊ लागली की तिचा वेग वाढतो व दाब घटतो. व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने अशा अरुंद मार्गातल्या प्रवाहाविषयी १७९७ साली लिहिले, म्हणून त्या गळ्यास त्याचे नाव मिळाले. घटलेल्या दाबामुळे बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त. हवा कमी, तर पेट्रोल कमी. स्कूटरच्या कार्बोरेटरात पेट्रोलाची एक वाटी व तीवर तरंगता गोळा असतो. म्हणून स्कूटर आडवी पडली की पेट्रोल सांडते. करवत तर आडवी, उभी, उलटी कशीही धरावी लागते. म्हणून तिच्या कार्बोरेटरात वाटीऐवजी पातळ पडदे असतात. दट्ट्या खालीवर होताना इंजिनाच्या पोटात दाबाची जी धडधड होते, ती एका बारीक वाटेने पडद्यापर्यंत पोचते व त्या धडधडीवर पडदा हलून पेट्रोल वर खेचतो. नाडी चालते तोवर पोषण चालते.

आता समजा, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडावर कोठे फट पडली. तेथून हवा आत शिरते. ही हवा गळ्यातून आलेली नसते. तिची नोंद कार्बोरेटरापाशी होत नाही. ती आपल्याबरोबर पेट्रोल आणीत नाही. मिश्रण पातळ होते. आणि गंमत अशी की, अशा उपाशी स्थितीत यंत्र मंदावत नाही. मोकळे असताना ते उलट अधिक वेगाने पळू लागते, अधिक मोठ्याने ओरडते. परंतु लाकडास लावले की गुदमरते. वेग चढलेला, म्हणून केंद्रापासून दूर फेकले जाणारे क्लचचे तुकडे पकड घेतात व साखळी फिरत राहते. माळ्याची विजार फाटली ती यामुळे. शिवाय दोन-ठोक्यांच्या यंत्रात वंगणाचे तेल पेट्रोलातूनच येते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. दट्ट्या तापतो, सिलिंडरला ओरखडे पडतात, आणि एके दिवशी ते मोठ्याने ओरडणारे यंत्र एकाएकी जागच्या जागी घट्ट होऊन बसते.

"स्क्रू किसने घुमाया?" मिस्त्रीने विचारले. आम्ही कबुली दिली. तो हसला नाही. त्याने एवढेच सांगितले की, स्क्रू फिरविल्याने आवाज बदलतो, फट बुजत नाही.

मग फट शोधावयाची होती. पत्नीने भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी वाटीत करून दिले. यंत्र मंद गतीत ठेवून मिस्त्रीने रंगाचा एक बारीक ब्रश त्या पाण्यात बुडविला व कार्बोरेटराच्या पाठीमागच्या जोडावर, वरून खाली, अगदी सावकाश फिरविला. वरची कड झाली, उजवी कड झाली, काही नाही. खालच्या डाव्या कोपऱ्याशी ब्रश आला आणि किंचाळणाऱ्या यंत्राने एकाएकी सुस्कारा टाकावा तसा आवाज खाली आला. पाण्याने क्षणभर फट बुजली होती. पाणी ओढले गेले, पुन्हा किंचाळी. मिस्त्रीने तीनदा तसे करून दाखविले; आम्हांस खात्री पटावी म्हणून. जास्त वेळ मात्र त्याने यंत्र चालू ठेवले नाही.

उलगडून पाहता सर्व उघड झाले. हवेची गाळणी काढली, दोन नट सोडले. त्यांतला एक हाताच्या बोटांनीच सुटला; धक्क्यांनी तो ढिला होऊन किती दिवस झाले होते कोणास ठाऊक. इंजिनाची उष्णता कार्बोरेटरास लागू नये म्हणून दोहोंच्या मध्ये एक काळा ठोकळा असतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांस कागदी चकती, जीस कारागीर 'पॅकिंग' म्हणतात. आतली चकती कोपऱ्यात फाटून तिचा नखाएवढा तुकडा नाहीसा झाला होता. एवढ्यासाठी म्हातारेबाबांची खुर्ची कलंडली होती, एवढ्यासाठी माळ्याचा पाय जाता जाता राहिला होता.

नवे पॅकिंग कोठून आणावे? दुकाने बंद. पॅकिंगचा कागदही मिस्त्रीपाशी उरला नव्हता. चिकट लुकण लावावे असे आम्ही सुचविले, तर त्याने मान हलविली. साधे लुकण पेट्रोलाने फुगते, सुटते, आणि त्याचा तुकडा आत गेला तर दुखण्यावर दुखणे. जाड, एकसारखा, न चुरगळलेला पुठ्ठा पाहिजे, तो म्हणाला.

वाचकहो, सरकारी नोकरीच्या इतक्या वर्षांत आम्ही स्वतःच्या हाताने काही उपयोगी वस्तू जगास दिली असेल तर ती त्या क्षणी दिली. टाळेबंदीत घरून काम करण्यासाठी आम्ही कार्यालयातून काही कोरी फाइल-कव्हरे आणली होती. त्यांतले एक धावत जाऊन आणले. मिस्त्रीने ते बोटांनी चाचपले, उजेडात धरले, आणि प्रथमच त्याच्या डोळ्यांत प्रसन्नता दिसली. "बहुत बढ़िया काग़ज़ है." या तपकिरी पुठ्ठ्याची अशी स्तुती आम्ही पूर्वी कधी ऐकली नव्हती.

पॅकिंग कातरीने कापावयाचे नसते, हे आम्ही तेथे शिकलो. धातूच्या तोंडावर पुठ्ठा ठेवून हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने हलके ठोके द्यावयाचे. धातूची कडच पुठ्ठ्यास नेमकी कापते. भोकांवर छऱ्याची गोळी ठेवून टिचकी मारावी तसा एक ठोका. दोन्ही तोंडे आधी काचेवर पसरलेल्या बारीक पॉलिश-कागदावर घासून जुन्या पॅकिंगचे अवशेष काढले. पहिले पॅकिंग मिस्त्रीने आमच्याकडून करविले. ते दिसावयास सुरेख झाले. बसविले, नट आवळले, दोरी ओढली. यंत्र दोन क्षण धडधडले व मेले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. मिस्त्रीने सारे उलगडले, आमचे पॅकिंग काढून पाहिले, आणि आता मात्र तो पोट धरून हसला. "बाबू, नब्ज़ ही बंद कर दी!" इंजिनाची धडधड पडद्यापर्यंत नेणाऱ्या त्या बारीक वाटेचे भोक आम्ही पाडलेच नव्हते. मोठी भोके दिसली, ती पाडली. टाचणीच्या डोक्याएवढे ते भोक आम्हांस किरकोळ वाटले होते.

दुसरे पॅकिंग त्याच्या देखरेखीखाली झाले. त्यास तेलाचे बोट लावले. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले; एकच आधी पुरता आवळला तर दुसरी बाजू उचलली जाते. मिश्रणाचे स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून एकेक वळसा उघडले. आम्ही फिरविलेला स्क्रूही मूळ जागी आणला. यंत्र सुरू झाले. आवाज खालच्या पट्टीत, जड, सावकाश असा आला. इतका साधा आवाज की, कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत.

मजुरी विचारली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "ऐसे दो-चार पुट्ठे दे दीजिए." आम्ही दिले. सरकारी मालमत्तेच्या या विनियोगाची नोंद कोणत्या वहीत करावी, हे आम्हांस अद्याप सुचलेले नाही.

रविवारी पहाटे माळ्याने पाते व साखळी चढविली. यंत्र सुरू करून त्याने ते जमिनीवर ठेवले, खटक्यावरचा हात काढला, आणि उकिडवा बसून साखळीकडे पाहत राहिला. आम्हीही पाहत होतो. साखळी निश्चल होती. पुरते पाच मिनिटे तो तसा बसला असेल. मग उठला, आमच्याकडे न पाहताच मान हलविली व कामास लागला. सायंकाळपर्यंत बुंध्याचे तुकडे बाजूस रचले गेले. मंगळवारी सकाळी दादांच्या वडिलांस घेऊन मोटार फाटकातून बाहेर पडली, तेव्हा दोन्ही बाजूंस सुकलेल्या फुलांचे ढीग होते. म्हातारेबाबांनी काच खाली करून ते पाहिले. त्यांचे डोळे उघडे होते.

येथे हा लेख संपावयास हरकत नव्हती. परंतु त्यानंतर आठच दिवसांनी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर, आमच्या श्रीवर्धन तालुक्यावर आदळले.

ज्या तालुक्याची रोठा सुपारी नावाजलेली, त्याच्या बागा दुपारच्या काही तासांत आडव्या झाल्या. गावचा दूरध्वनी बंद, वीज बंद. आम्ही कोलकात्यास, आईअण्णा गावी. चित्रवाणीवर छप्परे उडालेली घरे दिसत, आणि प्रत्येक घर आमचे वाटे. वर दादांचे वडील वेळच्या वेळी डायलिसिसला जात होते, दादा रोज खाली येऊन विचारीत, "काही कळले?" काही कळत नसे.

बाराव्या दिवशी अण्णांचा फोन आला. टेकडीवर चढून, दुसऱ्याच्या मोबाइलवरून ते बोलत होते. "अरे, सगळं ठीक आहे! घराची कौलं गेली, ती काय, येतील. झाडं काय, पुन्हा लावू! तू मुळीच काळजी करू नकोस, मी अगदी मजेत आहे!" आवाज खणखणीत, बोलणे भरधाव. अण्णा मूळचे अल्पभाषी; एवढी वाक्ये त्यांनी आमच्याशी एका दमात जन्मात कधी उच्चारली नव्हती. मध्ये श्वासही घेत नव्हते. पत्नी म्हणाली, "आवाज किती छान येतोय त्यांचा!"

तो आवाज आम्ही ओळखला. तीन आठवड्यांपूर्वी मिस्त्रीच्या दाराशी तोच ऐकला होता.

आणि मग, रात्री जागे असताना, आपण आजवर किती स्क्रू फिरविले याचा हिशेब मनात सुरू झाला. सुपारीचा भाव पडला असे त्यांनी सांगितले, की आम्ही दरमहाची रक्कम हजाराने वाढवीत असू. आईचे गुडघे दुखतात असे कळले, की घरपोच औषधाची व्यवस्था करीत असू. 'सर्व ठीक ना?' असे विचारावे, 'सर्व ठीक' असे ऐकावे, आवाज उतरला म्हणून समाधान मानावे. पैसे पाठवू नयेत असे नव्हे. ते पाठविलेच पाहिजेत. परंतु नट कोठे ढिला झाला आहे, हे पाहण्यासाठी हात तेथवर न्यावा लागतो, आणि आमचे हात दोन हजार किलोमीटरांवर टेबलाशी गुंतलेले.

रजेचा अर्ज केला. महिनाअखेरीस विशेष गाडीने मुंबईस व तेथून ई-पास काढून गावी पोचलो. त्या दिवसांच्या नियमाप्रमाणे चौदा दिवस पडवीत वेगळे राहावयाचे होते. जेवणाचे ताट आई उंबरठ्यावर ठेवी. अण्णा अंगणात, दहा हातांवर, खाटेवर बसत. मागे बाग होती, म्हणजे नव्हती. दोनशेंपैकी एकोणीस पोफळी उभ्या होत्या. बाकीच्या आडव्या खोडांतून घरापर्यंतची वाट कोणीतरी कापून काढलेली होती. विचारता कळले की, घाटावरून मदतीस आलेली काही मुले दोन दिवस करवत घेऊन गावात राबली. त्यांची नावे अण्णांनी विचारली होती, पण लक्षात राहिली नाहीत. आम्ही कोलकात्यास दुसऱ्याच्या वडिलांची वाट मोकळी करीत होतो, त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या वडिलांची वाट कोणी परक्या मुलांनी मोकळी केली होती. परमुलखात नोकरी करणाऱ्याने या हिशेबावर विश्वास ठेवावा लागतो. दुसरा इलाज नसतो.

पहिले चार दिवस अण्णा भरधाव बोलत होते. सरकारी पंचनामे, रोपांचे दर, कौलांची टंचाई. आम्ही काही सुचविले नाही, रक्कम विचारली नाही. ऐकत राहिलो, आणि मिस्त्रीच्या ब्रशाप्रमाणे हळूहळू एकेका कडेने विचारीत गेलो. ही रांग कोणी लावली? ती कधी? विहिरीजवळची? पाचव्या दिवशी सायंकाळी विहिरीजवळच्या रांगेपाशी आलो, आणि अण्णा बोलता बोलता थांबले. पुष्कळ वेळ थांबले. मग खालच्या, जड आवाजात म्हणाले, "ती माझ्या वडिलांनी लावलेली. मी पाणी घालायचो. सात वर्षांचा होतो." आणि थोड्या वेळाने, "मला रात्री झोप येत नाही रे."

आई आतून ऐकत होती. ती म्हणाली, "महिना झाला, मी सांगत होते."

आम्ही दहा हातांवरून त्यांच्यापाशी जाऊ शकत नव्हतो. तेथूनच म्हणालो, "मग मीही जागतो." त्या रात्री आम्ही दोघे, एक पडवीत, एक अंगणात, उशिरापर्यंत बोलत बसलो होतो, बराचसा वेळ न बोलता. पहाटेकडे अण्णांना झोप लागली.

त्या पावसाळ्यात नवी रोपे लावली गेली. सुपारीला फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात. काहींना आता कोठे पहिले घोस दिसू लागले आहेत. आमच्या करवतीस पुढे कारखान्याचे पॅकिंग मिळाले. फाइल-कव्हराचे ते पॅकिंग, तेलाने काळे झालेले, आमच्या खणात आहे. दरवर्षी कालबैशाखीचे दिवस जवळ आले की माळी व आम्ही मिळून ते दोन नट तपासतो. दादांचे वडील त्या वादळानंतर तीन वर्षे होते.

रविवारी फोनवर आम्ही आता 'सर्व ठीक ना?' असे विचारीत नाही. काल रात्री किती वाजता झोप लागली, विहिरीजवळच्या रांगेतले तिसरे रोप किती हात झाले, आई जिना चढताना कठड्यास धरते की नाही, असे विचारतो. अण्णा कधी कधी वैतागतात. "अरे, कारकुनासारखा खोदून खोदून काय विचारतोस?"

आम्ही पुढचा प्रश्न विचारतो.